नऊशे जणांचं एक पाऊल

उज्ज्वला मुळीकला आयुष्यात बाकी सगळं जमलं, फक्त लेझीम जमली नाही.

दुसऱ्या कुणाच्या लेकीला हे चालून गेलं असतं. पण तिचे वडील ज्ञानदेव मुळीक पाटण खोऱ्यातल्या एका हायस्कुलात छत्तीस वर्षं पीटीचे मास्तर होते, आणि त्यांच्या पोरांची लेझीम बघायला तालुक्याचे साहेबलोक जीप काढून यायचे. उज्ज्वला सातवीत असताना, सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी, गुरुजींनी सरावात शिट्टी मारली, रांग थांबवली आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या मुलीला बाहेर काढलं. "तुझा पाय अर्धा ठोका मागं पडतोय. तू झेंडा धर." तिने झेंडा धरला. पुढे तिने भूकंपशास्त्रात डॉक्टरेट केली, चार वर्षं जपानात काढली, परत येऊन कोयनाकाठ विद्यापीठात प्रयोगशाळा उभी केली. तरीही कुठे हलगी वाजली की तिचा उजवा पाय आपला ओशाळायचाच.

आणि नशिबाची थट्टा अशी, की पाय हाच तिच्या कामाचा विषय झाला.

विद्यापीठ भूकंपाच्या पट्ट्यात. वसतिगृहांत तीन हजार पोरंपोरी. उद्या इमारत बसली तर ढिगाऱ्याखाली कोण आहे, कुठे आहे आणि जिवंत आहे का, हे पहिल्या तासाभरात कळलं पाहिजे. उज्ज्वलाने त्यासाठी नवं काही पुरलं नाही. इंटरनेटची काचतंतूची केबल आवारभर जमिनीखाली होतीच. केबलमधल्या केसाएवढ्या धाग्यातून उज्ज्वला सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचा ठोका सोडू लागली. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात बारीक दोष असतात आणि त्या प्रत्येक दोषावरून जरासा प्रकाश माघारी येतो. जमीन किंचित हलली की धागा तिथे ताणला जातो आणि माघारी येणारा प्रकाश बदलतो. बदल किती वेळाने परतला यावरून जागा कळते. थोडक्यात, केबलचा प्रत्येक मीटर म्हणजे एक कान. भूकंप ऐकायला केलेला हा कान इतका तिखट निघाला की त्याला माणसांची पावलं ऐकू येऊ लागली. यंत्राचं नाव तिने ठेवलं 'चाहूल'.

माणसाची चाल म्हणजे त्याची सहीच. कुणाची टाच आधी आपटते, कुणाचा डावा पाय जड पडतो, दोन पावलांतला वेळ कुणाचा किती डळमळतो. कुठल्याही दोघांचं हे सारखं नसतं. एकदा चाल नोंदवली की चाहूल माणूस नावानिशी ओळखायची. नमुना क्रमांक एक खुद्द उज्ज्वलाचा होता. बाकीचे तीन हजार तस्लीम मुजावरने गोळा केले.

तस्लीम ही तिची एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, कराडच्या भाजी मंडईत बसणाऱ्या आईची मुलगी. शुल्कात सवलत होती म्हणून शिकत होती आणि शिकत होती तीही अशी की उज्ज्वलाला कधीकधी तिच्यासमोर तयारी करून जावं लागे. तिने महिनाभर वसतिगृहातल्या एकेकाला केबलवरून चालवलं. पोरं विचारायची, "आमची चाल घेऊन करणार काय?" तस्लीम उज्ज्वलाच्या हाताने लिहिलेला कागद दाखवायची: 'ही नोंद फक्त जीव वाचवण्यासाठी वापरली जाईल.' खाली सही. त्या सहीवर तीन हजारांनी पावलं दिली.

आणि चाहूलने शब्द राखलाही. गेल्या वर्षी एका धक्क्यात भोजनगृहाची मागची भिंत पडली. वर शंभर माणसं धावपळ करत होती आणि त्या गोंधळात चाहूलला खालून एक वेगळी टकटक ऐकू आली. ती तशीच घडवलेली होती: सगळे मिळून जो आवाज करतात त्याकडे दुर्लक्ष करायचं, त्यात न मिसळणारा जो एक असेल त्याला धरायचं, आणि एकदा धरला की माणूस बाहेर निघेपर्यंत त्याला सोडून दुसऱ्याकडे वळायचं नाही. पडद्यावर अक्षरं उमटली: 'एक व्यक्ती सापडली. स्थिती: जिवंत.' अकराव्या मिनिटाला भोजनगृहात स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई मावशी बाहेर आल्या, आणि पहिलं काय बोलल्या तर, "गॅस बंद केला का कुणी?"

एवढं चांगलं यंत्र. पण चांगल्या वस्तूला पाय फुटायला वेळ लागत नाही.

यंदा जूनमध्ये विद्यापीठाने शुल्क एका झटक्यात अडीचपट केलं. वाढीत एक 'सुरक्षा शुल्क' होतं, म्हणजे चाहूलचाच खर्च. सोमवारी मुलं मुख्य दरवाजापासून प्रशासन भवनापर्यंत चालत गेली. सगळ्यांच्या तोंडाला पंचे बांधलेले, मोबाइल खोलीत ठेवलेले. कॅमेऱ्यांना नुसते डोळे दिसले. चाहूल जुनी पावलं साठवत नसे, सहा तासांत पुसून टाके, म्हणून त्या दिवशीचे सगळे सुटले.

मंगळवारी कुलगुरू नेर्लेकरांनी उज्ज्वलाला बोलावलं.

"शनिवारी पुन्हा मोर्चा आहे," ते म्हणाले. "व्यवस्थापन परिषदेचा ठराव झालाय. मोर्चात ज्याची ओळख पटेल, त्याची शुल्कसवलत आणि वसतिगृहाची खोली दोन वर्षांसाठी बंद. मला नावं हवीत, मॅडम."

"सर, मी मुलांना लेखी दिलंय."

"तुम्ही दिलंय, विद्यापीठाने नाही." नेर्लेकर काही दुष्ट गृहस्थ नव्हते. अनुदान आटलं होतं, प्राध्यापकांचे पगार दोन-दोन महिने लांबत होते, आणि त्यांना रात्री झोप लागत नव्हती हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "यादीवर यंत्रप्रमुखाची सही लागते. आणि यंत्रप्रमुख बदलता येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको."

यंत्र बंद ठेवावं, तर त्याच आठवड्यात दोन बारीक धक्के येऊन गेले होते. तीन हजार नमुने पुसून टाकावेत, तर उद्या ढिगाऱ्याखाली नेमकं कोण राहिलं ते कशावरून कळणार? आणि राजीनामा दिला तर बटण दाबायला दुसरा माणूस तयारच होता. उज्ज्वला 'यंत्राची जुळणी करावी लागेल' असं काहीतरी पुटपुटली आणि बाहेर आली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती.

बुधवारी तस्लीम प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला आली.

"ठेव तुझ्याकडेच," उज्ज्वला म्हणाली.

"नको मॅडम. उद्या कुणी म्हणायला नको की तस्लीमनं यंत्र बिघडवलं." तिने किल्ली टेबलावर ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच उज्ज्वलाला जास्त लागलं. "पोरं मला विचारत्यात. म्हणत्यात, तू आमची पावलं नेऊन दिलीस. काय सांगू त्यांना?"

"मी अजून काहीही दिलेलं नाही."

"शनिवारी?"

उज्ज्वलाने किल्ली पुन्हा तिच्याकडे सरकवली. तस्लीम दारापर्यंत गेली आणि थांबली. "मॅडम, माझ्या प्रबंधातला एनसीसीचा दिवस आठवतो तुम्हाला?"

"कुठला?"

"असू दे," असं म्हणून ती गेली.

त्यानंतरचे दोन दिवस घरी गुरुजींचं वागणं काही वेगळंच होतं. ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून जिना चढायला कुरकुरणारा. तो सकाळी सहाला 'फिरून येतो' म्हणून बाहेर पडायचा आणि दहाला लाल मातीने भरलेला पायजमा घेऊन परतायचा. शुक्रवारी तिने त्यांना कपाटात डोकं घालून काहीतरी शोधताना पाहिलं.

"काय हरवलं, आबा?"

"शिट्टी."

"शिट्टी कशाला?"

"कुत्री लई झाल्यात वाटंवर," गुरुजी म्हणाले आणि शिट्टी खिशात घातली. ते आयुष्यात लेकीशी फारसं खोटं बोलले नव्हते, म्हणून त्यांना ते नीट जमतही नव्हतं. पण उज्ज्वलाचं लक्ष होतं कुठे?

शनिवारी सकाळी दहा वाजता ती प्रशासन भवनाच्या तिसऱ्या मजल्यावर मोठ्या पडद्यासमोर बसली. मागे नेर्लेकर उभे. पडद्यावर आवाराचा नकाशा, आणि मुख्य दरवाजाशी हिरवे ठिपके जमत होते. प्रत्येक ठिपक्यापुढे नाव. पोपट ढेकळे. सायली बनसोडे. इरफान मणेर. आठशे, साडेआठशे, नऊशेच्या वर. दरवाजाशी जमणं हा गुन्हा नव्हता. तिथून पहिलं पाऊल आत पडलं की मोर्चा सुरू, असा ठराव होता.

"झाली ना जुळणी?" नेर्लेकरांनी विचारलं.

"झाली," उज्ज्वला म्हणाली.

तेवढ्यात उघड्या खिडकीतून हलगी ऐकू आली. मग एक लांबलचक शिट्टी. ती शिट्टी उज्ज्वलाने हजारांत ओळखली असती. ती खुर्चीतून अर्धी उठली.

आणि पडद्यावरची नावं विझू लागली.

आधी पुढच्या रांगेतली, मग तिच्या मागची. पोपट ढेकळे गेला, सायली बनसोडे गेली. दहा सेकंदांत नऊशे ठिपके एकमेकांत विरघळले आणि त्यांच्या जागी रस्त्याच्या रुंदीएवढा एकच मोठा ठिपका राहिला. तो उजळायचा, मंद व्हायचा, पुन्हा उजळायचा. बाजूच्या चौकटीत चाहूलने प्रामाणिकपणे लिहिलं: 'व्यक्ती: १. ओळख: नाही.'

"हे काय आहे?" नेर्लेकर ओरडले.

उज्ज्वला खिडकीशी गेली. खाली सव्वा किलोमीटरचा चढ होता आणि त्या चढावरून अख्खं विद्यापीठ लेझीम खेळत वर येत होतं. आजूबाजूच्या गावांतल्या शाळांमधून दोनेकशे लेझमा मागून आणल्या असाव्यात. बाकीच्यांच्या हातात भोजनगृहाची ताटं आणि चमचे. इंजिनिअरिंगची पोरं, नर्सिंगच्या मुली, भाषा विभागातले ते चष्मेवाले कवी, सगळे हलगीच्या ठोक्याला चवड्यावर पडत होते, वाकत होते, उठत होते. बाजूने एक म्हातारा शिट्टी तोंडात धरून त्याच ठोक्यावर उलटा चालत होता आणि हाताने रांग सरळ करत होता.

आता तिला एनसीसीचा दिवस आठवला. तस्लीमच्या चाचण्यांच्या वेळी केबलवरून साठ छात्रांची परेड गेली होती आणि चाहूलने त्या साठांना मिळून एक अवाढव्य लठ्ठ माणूस ठरवलं होतं. त्या दिवशी दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. चाल ओळखते ती माणसामाणसांतल्या फरकावरून. सगळेच एका ठोक्याला, चवड्यावर, सारख्या जोराने पडले तर फरक राहतोच कुठे? परेड शिकायला महिने लागतात. लेझीम मात्र या खोऱ्यातल्या प्रत्येक पोराच्या अंगात शाळेपासून मुरलेली असते. नुसती उजळणी करून घेणारा मास्तर हवा होता, आणि तो उज्ज्वलाच्याच घरात सापडला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा अभिमान तिला स्वतःच्या डॉक्टरेटचा वाटला नव्हता. दगड नाही, शिवी नाही, यंत्राची एक तार तोडलेली नाही. पोरांनी तिचं विज्ञान तिच्याहून नीट वाचलं होतं.

"दमतील," मागून नेर्लेकर म्हणाले. ते हुशार होते, यंत्र कसं चालतं हे त्यांनी एकदा ऐकून ध्यानात ठेवलं होतं. "एवढा चढ आहे. कुणाचा तरी ठोका चुकेल. जो चुकेल त्याचं नाव येईल. नव्वद टक्के खात्री झाली की नोंद पक्की, हो ना? मला नऊशे नकोतच. एक मिळाला तरी पुरे. बाकीचे आपोआप गप्प बसतील."

त्यांचं बोलणं संपतंय तोवर मोठ्या ठिपक्याच्या कडेला एक बारीक ठिपका लुकलुकला. 'तस्लीम मुजावर. ५८ टक्के.'

तीन दिवस तिने धड खाल्लं नसणार. लेझमांसाठी गावोगाव तीच फिरली असणार. ठिपका गेला, पुन्हा आला. ६४ टक्के. चढाचा शेवटचा पाव किलोमीटर राहिला होता, आणि तोच सगळ्यात उभा. मंडईतली तस्लीमची आई, पहाटे पाचला मेथीच्या जुड्या बांधणारी, उज्ज्वलाच्या डोळ्यांपुढे आली. ७१ टक्के.

उज्ज्वला दाराकडे वळली.

"कुठे निघालात?"

"केबल तपासून येते," ती म्हणाली आणि तीन मजले धावत उतरली.

गर्दीत न मिसळणारा जो एक असेल त्याला धरायचं, आणि धरला की सोडायचं नाही. हा नियम तिनेच लिहिला होता. तस्लीमची नोंद अजून पक्की नव्हती. तिच्यापेक्षा जास्त न मिसळणारा कुणी मिळाला, तर चाहूल तस्लीमला विसरेल आणि त्याच्या मागे लागेल. आणि लेझमीत न मिसळण्याच्या बाबतीत पाटण खोऱ्यात उज्ज्वला मुळीकचा हात धरणारं कुणी नव्हतं.

गुरुजींनी तिला येताना पाहिलं आणि तोंडातली शिट्टी गळून पडली. "आगं, तू कशाला? तुझा पाय—"

"मागं पडतोय. ठाऊक हाय, आबा. पडू दे."

गुरुजींनी शिट्टी उचलली. मग त्यांनी तस्लीमच्या शेजारच्या पोराला कोपराने बाजूला केलं आणि रांगेत एका माणसाची जागा केली. "ये. मधी शीर," ते म्हणाले. सदतीस वर्षं उशीर झाला होता, पण बोलावलं तर खरं.

तस्लीम घामाने थबथबलेली होती. तिने शेजारी बघितलं आणि तिचे डोळे विस्फारले. "मॅडम, बाहेर व्हा! तुमचं नाव येईल!"

"म्हणून तर आले. तू श्वास घे. चवड्यावर पड, चवड्यावर."

उज्ज्वलाने मुद्दाम चुकायचं ठरवलं होतं. पण रांगेत पाऊल टाकलं, हलगी छातीत वाजली, पुढे-मागे नऊशे माणसं एकदम वाकली आणि एकदम उठली, आणि तिला मनापासून वाटलं की एकदा, फक्त एकदा, आपलंही जमावं. तिने जीव तोडून प्रयत्न केला. सगळे खाली गेले तेव्हा ती वर होती, सगळे उठले तेव्हा ती वाकलेली. मुद्दाम काही करावंच लागलं नाही. शेजारची पोरं हसायला लागली, मग तीही हसायला लागली, आणि तशीच अर्धा ठोका मागे, धापा टाकत, तिने तो उभा चढ पार केला.

प्रशासन भवनाच्या पायऱ्यांशी हलगी थांबली. नऊशे जण जागच्या जागी उभे राहिले. कुणी घोषणा दिली नाही. काही वेळाने दार उघडलं आणि नेर्लेकर एकटेच बाहेर आले. त्यांच्या हातात एक कागद होता.

पुढे सात बैठका झाल्या. निम्म्याहून जास्त शुल्कवाढ मागे घ्यावी लागली, सुरक्षा शुल्क रद्द झालं, आणि उज्ज्वलाने हाताने लिहिलेलं ते एक वाक्य विद्यापीठाच्या नियमांत गेलं. उज्ज्वलाची चौकशी झाली आणि तिचं प्रमुखपद गेलं. पण तेव्हा, त्या पायऱ्यांवर, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. नेर्लेकर समोरच्या गर्दीकडे बघत होते. पंचे बांधलेले नऊशे चेहरे, आणि त्यांतल्या एकाचीही पक्की नोंद त्यांच्याकडे नव्हती. वेगळं काढून दटावायला कुणी नसेल तर सगळ्यांशीच बोलावं लागतं, हे बहुधा त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं असावं.

त्यांनी कागद उज्ज्वलापुढे धरला. "यादी," ते म्हणाले. "यंत्रप्रमुखाची सही हवी."

उज्ज्वलाला अजून धाप लागलेली होती. तिने कागद घेतला. तस्लीम तिच्या खांद्यावरून वाकली, गुरुजींनी खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. चाहूलला मोर्चे ठाऊक नव्हते. तिला शिकवलं होतं तेच तिने लिहिलं होतं.

'एक व्यक्ती सापडली. नमुना क्रमांक १, उज्ज्वला ज्ञानदेव मुळीक. स्थिती: जिवंत.'

"बरोबर हाय," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी आपला पेन पुढे केला.

उज्ज्वलाने सही केली.